सिस्टर बाळंत झाली तेव्हा

आधीच सांगते, हे वाचून कुणी मला धीराची बाई वगैरे म्हणू नका. मी तापट आहे, तोंडानं फटकळ आहे आणि जिंतूरच्या एका खाजगी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. मी वॉर्डात शिरले की सासवा खाटेवरून उठून उभ्या राहतात. "लेकराला मध कुणी चाटवला? कुणी चाटवला म्हणते मी!" असं ओरडत मी फिरायला लागले की पदराआडच्या बाटल्या पटापट पिशवीत जातात. नव्या आईच्या पाठीला उशी लावायची, तिचं लेकरू तिच्या छातीशी नीट धरायचं आणि म्हणायचं, "घाबरू नको गं, होतं सगळं." हे मी इतक्या जणींना म्हटलंय की झोपेतसुद्धा म्हणत असेन.

लेकरू झालं, पेढे वाटले, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि आत मात्र काहीच वाटत नाही, अशा बायांसाठी मी हे लिहितेय. औषधांची नावं सांगणार नाही, ती डॉक्टरांना विचारा. मला काय झालं आणि काय वाटलं तेवढं सांगते.

खिडकीजवळची खाट

माझं बाळंतपण आमच्याच दवाखान्यात झालं. दुसरीकडं कशाला जायचं? सगळे ओळखीचे, फिनेलचा वाससुद्धा ओळखीचा, आणि खिडकीजवळची खाट मुद्दाम माझ्यासाठी राखून ठेवलेली. मुलगी झाली, खणखणीत आवाजाची. मला टाके पडले. डॉक्टरबाई आल्या, माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "अर्चना, आता तुला काय सांगायचं? तुला सगळं माहीतच आहे." आणि पुढं गेल्या.

हे वाक्य पुढं मी इतक्या जणांकडून ऐकलं की मला त्याची शिसारी बसली. ड्युटीवरच्या पोरी शेजारच्या खाटेपाशी थांबायच्या. तिथल्या बाळंतिणीचं पोट दाबून बघायच्या, अंगावरून किती जातंय विचारायच्या, लेकरू कसं धरायचं ते दाखवायच्या. मग माझ्याकडं बघून हसायच्या. "मॅडम, ठीक ना?" मी म्हणायची, "ठीक." की चालल्या पुढच्या खाटेकडं. त्यांना कशाला नावं ठेवू? मीच ठीक म्हणत होते ना!

माझी मुलगी दूध ओढत नव्हती. तोंडात घ्यायची, सोडायची, किंचाळायची. तोंड किती उघडायला पाहिजे, हनुवटी कुठं टेकायला पाहिजे, सगळं मला पाठ. पण दुसरीला सांगणं वेगळं आणि स्वतःच्या ठणकणाऱ्या छातीशी ते लालबुंद तोंड धरणं वेगळं. माझे हात थरथर कापायचे. त्यातच शेजारच्या पोरीची आई माझ्याकडं आली. "सिस्टर, जरा बघता का ओ? आमच्या पोरीचं लेकरू दूधच वढंना."

मी उठले. टाके ओढले गेले, डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी गेले. उशी लावली, मान सावरली, लेकरू लागलं की प्यायला. त्या बाईनं माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. इकडं माझ्या खाटेवर माझी पोर रडून रडून बेजार झाली होती, आणि तिच्याकडं परत जायचं माझ्या जिवावर आलं. असं वाटण्याची ती पहिली वेळ.

मधली खोली

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून दवाखान्यातून थेट वालूरला आले. नवरा सोडायला आला. विलास त्याचं नाव, जिंतूरला शाळेत शिक्षक. त्यानं पिशव्या उतरवल्या, चहा घेतला, "रविवारी येतो" म्हणाला आणि गेला.

आईनं मधली खोली झाडून-पुसून तयार ठेवली होती. वारं लागू नये म्हणून खिडकीला पोतं लावलेलं. माझ्या कानाला फडकं. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि शेपा टाकून धुरी. पाणी मोजकंच, बाळंतिणीनं जास्त पाणी प्यायलं की पोट सुटतं म्हणे. ह्याच गोष्टींवरून वॉर्डात मी बायकांशी कचाकचा भांडते. इथं गप्प पडून राहिले. भांडायलासुद्धा अंगात जीव लागतो.

सकाळी आई लेकराला मांडीवर घेऊन तेल लावायची, अंघोळ घालायची, धुरी द्यायची, मला डिंकाचा लाडू खाऊ घालायची आणि कापूस वेचणाऱ्या बायांच्या मागं रानात जायची. मग दुपार. बाळंतिणीच्या खोलीत आमच्याकडं पुरुष माणूस येत नाही, त्यामुळं दादा, म्हणजे माझे वडील, दाराबाहेरूनच विचारायचे, "बरं हाय ना बाई?" मी म्हणायची, "हो." ते जरा वेळ तिथंच उभे राहायचे, चपलांचा आवाज व्हायचा आणि जायचे. एकदा दाराच्या फटीतून त्यांनी एक पिकलेलं सीताफळ आत सरकवलं. सीताफळ थंड, बाळंतिणीला बिलकुल चालत नाही. आईच्या चोरून आणलेलं. मी ते उशाशी ठेवून नुसती बघत बसले. दादा, आत या, माझ्याजवळ बसा, असं म्हणायचं होतं. म्हणाले नाही.

त्या खोलीत माझ्या मनात काय चालायचं ते सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. लेकरू रडलं की मी अंग चोरून घ्यायची. तिला उचलली तर ती माझ्या हातून पडणार, असं वाटायचं. पडेल की काय अशी शंका नव्हती, पडणारच अशी खात्री. फरशीवर पडलेली दिसायचीसुद्धा. म्हणून मी तिला उचलायचीच नाही. बाजेवर तिच्या शेजारी आडवी होऊन, हात न लावता, कशीतरी दूध पाजायची आणि भिंतीकडं तोंड करायची. किती गोड पोर आहे, असं जो तो म्हणायचा. मला ती गोड वाटत नव्हती. मला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही ह्याची इतकी लाज वाटायची की बास. ह्यापेक्षा आपण नसलेलो बरं, हेही मनात यायला लागलं.

विलासचा रोज फोन यायचा.

"काय करायलीस?"

"बसलेय."

"आणि बाळ?"

"झोपलंय."

"मग मजा आहे तुझी."

काय बोलणार अशा माणसाशी? फोन ठेवून द्यायची.

बारसं

बारशाला घर माणसांनी भरलं. सासरचे आले, विलासची मोठी बहीण गंगाखेडहून आली. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. नवरा कारखान्यात नोकरीला, दोन्ही मुलं कॉलेजात. बोलणं तोडून टाकणारं, पण कामाला वाघीण. नाव ठेवायचा मान आत्याचा. आक्कांनी पाळण्यात वाकून लेकराच्या कानात नाव सांगितलं, आरोही, आणि पाठीत बुक्के खाऊन घेतले.

आमच्याकडं नाव ठेवून झालं की वरवंट्याला झबलं-टोपडं घालतात. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत तो वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. वरवंट्याचं झालं की मग लेकराला तसंच फिरवतात. मुलगी असली तरी गोविंद-गोपाळच. शेवटी दोघांनाही आईनं घ्यायचं आणि पाळण्यात ठेवायचं, अशी आमच्या घरची रीत.

वरवंटा माझ्याकडं आला. मी घेतला. जड, गार, टोपड्यातला. आणि काय झालं कुणास ठाऊक, मला तो हातात फार बरा वाटला. कितीतरी दिवसांनी हात कापत नव्हते. हा पडला तरी ह्याला काही होत नाही ना! मी त्याला छातीशी धरलं.

तेवढ्यात आरोही फिरत फिरत माझ्यासमोर आली. आक्कांनी तिला पुढं केली. "घे अर्चना, गोपाळ घे." मी वरवंटा पाळण्यात ठेवलाच नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिले.

"आगं, हिनं गोविंदच धरून ठेवलाय, गोपाळाला इसरली!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खो खो हसल्या. मस्करी वाटली त्यांना. आक्का परत म्हणाल्या, "घे की गं." मी मागं सरकले. पाठ भिंतीला टेकली. आरोही आक्कांच्या हातांत रडायला लागली आणि मी त्या दगडाला थोपटत होते. खरंच थोपटत होते. मग हसणं बंद पडलं. गाण्याची तयारी केलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आई पुढं आली, माझी बोटं एकेक करून सोडवली आणि वरवंटा काढून घेतला.

"नजर लागली माझ्या पोरीला," आई म्हणाली. "लय वाईट नजर लागली."

बायका कुजबुजत घुगऱ्या घेऊन गेल्या. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, कुणीतरी अंगारा आणून लावला. आणि पाहुणे निघायच्या वेळी आक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लेकरू मी नेते गंगाखेडला. हिला दम खाऊ द्या जरा."

विलासनं माझ्याकडं बघितलं. आईनं बघितलं. मी म्हणाले, "न्या."

गाडी गेली आणि मला हलकं वाटलं. लेकराची आई असून हलकं वाटलं. ज्यांना हे वाचून राग येईल त्यांना खुशाल येऊ दे, पण वाटलं ते वाटलं.

रिकामी बाज

डोक्याला कळत नव्हतं, पण अंगाला कळत होतं की लेकरू गेलंय. दूध येतच राहिलं. छाती दगडासारखी झाली, पोलकी ओली व्हायची, काखेपर्यंत ठणका जायचा. शेजारच्या घरात कुणाचं लेकरू रडलं की धारा लागायच्या. काय करायचं मला माहीत होतं. शेकायचं, हातानं दूध काढून टाकायचं, अंगावर ताप चढू द्यायचा नाही. मी काही केलं नाही. नुसती पडून राहिले.

आई बिचारी तिच्या परीनं राबत होती. धुरी, लाडू, अंगारा. "काय व्हायलंय गं तुला? तोंड कामून पाडून बसलीस? लेकरू काय कुणी परक्यानं नेलं का?" म्हणायची आणि पदरानं डोळे पुसत रानात जायची. गल्लीतल्या बायका यायच्या बंद झाल्या. एक आली होती, ती दारातूनच आत डोकावून गेली. आईची सावली, दादांच्या चपला आणि फोनमधला विलासचा आवाज, एवढीच माणसं उरली होती मला.

मोरे सिस्टर

मोरे सिस्टर आमच्या वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या नर्स. मी नवी होते तेव्हा त्यांनी मला कामाला लावलं होतं. बारशाला येता आलं नाही म्हणून झबलं-टोपडं घेऊन एसटीनं वालूरला आल्या. आत आल्या आणि रिकामी बाज बघून म्हणाल्या, "लेकरू कुठंय?"

"गंगाखेडला. नणंदेकडं."

त्यांनी झबलं बाजूला ठेवलं. माझ्या कपाळाला हात लावला. "ताप आहे की गं तुला. कुणी बघितलं नाही?"

"कोण बघणार? मीच नर्स."

"तू पेशंट आहेस. गप पड."

आणि त्यांनी मला बघितलं. कसं सांगू काय वाटलं ते! हात धुऊन आल्या. पोट दाबून बघितलं, टाके बघितले, अंगावरून किती जातंय विचारलं, पायांवर सूज आहे का बघितली. छातीला हात लावला तशी मी ओरडले. "ओरड," म्हणाल्या, "खुशाल ओरड." गरम पाण्यात फडकं पिळून शेकलं, हळूहळू दूध काढलं. तांब्याभर पाणी प्यायला लावलं. खिडकीचं पोतं उपसून काढलं आणि आईला म्हणाल्या, "मावशी, हिला उजेड लागतो. वारं लागत नाही, काळजी करू नका." बाळंत झाल्यापासून मला हात लावून तपासणारं हे पहिलं माणूस. मी रडायला लागले, ते रडू थांबेच ना.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. झोप लागते का? कशात मन लागतं का? लेकराची भीती वाटते का? हेच प्रश्न आम्ही वॉर्डात विचारतो, घाईघाईत, पुढच्या खाटेकडं बघत बघत. त्या मात्र माझ्याकडंच बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "जिवाचं काही बरंवाईट येतं का गं मनात?"

"येतं," मी म्हणाले.

दारात आई चहा घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. चहा खाली ठेवला आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. "आन् मला सांगितलं न्हाईस? मी रोज तुला लाडू खाऊ घालायले आन् तू मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस?"

"तुला काय सांगू माय? तू म्हणाली असतीस, नजर लागली."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. पण त्या दिवसापासून तिनं रानात जायचं सोडलं. कापसाचं काय व्हायचं ते होऊ दे म्हणाली आणि माझ्या बाजेला बाज लावून झोपायला लागली. दादाही आत आले. रीत मोडून आले, बाजेच्या पायथ्याशी बसले आणि माझे तळपाय दाबत राहिले.

परभणीला

मोरे सिस्टरनी परभणीच्या मनाच्या डॉक्टरांचं नाव दिलं. आईच्या पोटात भीती, गावातलं कुणी बघितलं तर? "येड्यांच्या दवाखान्यात नेली म्हणत्याल." सेलूहून रेल्वेनं गेलो. दवाखान्याच्या बाकावर सगळी साधीसुधी माणसं बसली होती. कुणी शेतकरी, कुणी कॉलेजातली पोर, एक बाई ओढणीनं अख्खं तोंड झाकून. आईनं जरा वेळानं तिच्याशी बोलणं काढलं आणि कापसाच्या वेचणीवर आली. मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही नर्स आहात, पण आज ते विसरा. मी पहिल्यापासून समजावून सांगतो." आणि खरंच सांगितलं, एखाद्या न शिकलेल्या बाईला सांगावं तसं, सावकाश. ह्याला बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात. हा आजार आहे, बाहेरचं काही नाही, तुमचा स्वभाव वाईट नाही आणि तुम्ही वाईट आई नाही. औषधानं बरं होतं. ह्या औषधांवर दूध पाजता येतं. पडण्याची जी चित्रं दिसतात ती आजाराची आहेत, ती दिसली म्हणून तुम्ही तसं काही करणार नाही. पण सध्या तुम्ही एकट्या राहायचं नाही, लेकराला घेऊनही एकटं राहायचं नाही. आणि लेकरू दूर ठेवू नका. जवळ ठेवा, सोबतीला कुणीतरी मोठं माणूस ठेवा.

आई मान हलवत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, म्हणजे पोरगी बरी व्हती ना माझी?"

"होते मावशी."

बाहेर आल्यावर तिनं मला पेरू घेऊन दिला. थंड असतो म्हणून बाळंतिणीला देत नाहीत तो. "खा," म्हणाली, "मरू दे."

इथं थांबून एवढंच सांगते, बायांनो. घरात कुणी विचारत नसेल तर तुम्ही सांगा. शब्द सापडले नाहीत तरी सांगा. आणि घरच्यांनो, बाळंतीण 'ठीक' म्हणाली की लगेच विश्वास ठेवू नका. ती शिकलेली असो नाहीतर दवाखान्यात नोकरीला असो, तिच्याजवळ बसा.

रुळलंय

गोळ्या सुरू झाल्या म्हणून दुसऱ्या दिवशी मी गाणी म्हणायला लागले नाही. कितीतरी दिवस नुसती झोप. मग हळूहळू जेवणाला चव लागायला लागली. मग एक दिवस मी आपणहून वेणी घातली, तर आईनं गल्लीत सांगितलं.

रविवारी विलास आला. मी म्हणाले, "आरोहीला घेऊन या. डॉक्टर म्हणालेत जवळ ठेवा."

तो मोबाईल हातात फिरवत बसला. "आक्का म्हणती, गोळ्या बंद झाल्यावर बघू. गोळ्यांचं दूध लेकराला नको म्हणती. आणि आता ते तिकडं रुळलंय."

"काय झालंय?"

"रुळलंय. आक्काशिवाय झोपत नाही आता."

पोटात अशी कळ आली की मी उठून बसले. हेवा वाटला मला, आक्कांचा हेवा. आणि खरं सांगते, ती कळ मला आवडली. इतके दिवस लेकराचं नाव काढलं की नुसती भीती वाटायची. आज ती माझी आहे आणि दुसऱ्या कुणाची व्हायलीय, असं पहिल्यांदा वाटलं. अजून थोडे दिवस गेले असते तर तिनं मला परकी म्हणूनच ओळखलं असतं. ते मला सहन होणारं नव्हतं.

"मग मीच जाते गंगाखेडला," मी म्हणाले.

"तुला झेपंल का?"

"सोबतीला मोठं माणूस पाहिजे ना? मग आक्काच असू द्या. त्यांच्या नजरेसमोर राहते."

"अर्चना, तू नर्स असून असं कसं झालं गं तुला?"

"डॉक्टरला ताप येत नाही का? मास्तरची पोरं नापास होत नाहीत का?" मी असा आवाज लावला की दादा बाहेरून आत आले. विलास दचकला आणि मग हसला. म्हणाला, "आता तू जरा तुझ्यासारखी वाटायलीस."

त्यानं शाळेत रजा टाकली आणि स्वतः मला पोचवायला आला. रेल्वेत खिडकीकडं बघत म्हणाला, "बारशाच्या दिवशी मी घाबरलो होतो. तुझ्याजवळ यायची हिंमतच झाली नाही."

"यायला पाहिजे होतं."

"हो," म्हणाला. त्यानं माझा हात हातात घेतला आणि गंगाखेड येईपर्यंत सोडला नाही.

आक्कांच्या घरी

आरोहीनं मला ओळखलं नाही. का ओळखावं? मी जवळ घेतली की ती ताठ व्हायची, मान मागं टाकून भोकाड पसरायची आणि आक्कांचा आवाज आला की शांत. आक्का पहिल्या दिवशी तोंड फिरवूनच बसल्या होत्या. गोळ्या आणि दूध ह्यावरून चांगलंच वाजलं आमचं. शेवटी विलासनं डॉक्टरांना फोन लावून आक्कांच्या कानाला धरला. त्यांनी ऐकून घेतलं, फोन परत दिला आणि म्हणाल्या, "बरं. मग पाज." दूध बरंच आटलं होतं. जेवढं होतं तेवढं पाजलं, बाकीचं वरचं.

डॉक्टर एकटं सोडू नका म्हणाले ते आक्कांनी इतकं मनावर घेतलं की मी मोरीत गेले तरी बाहेर उभ्या. लेकरू माझ्याजवळ असलं की त्या समोर ठाण मांडून बसायच्या, गहू निवडत. मला राग यायचा. मग कळलं की त्यांच्या डोळ्यांसमोर माझे हात कमी कापतात. तेल लावायला लागले. मग पाय पसरून अंघोळ घालायला लागले, पाणी ओतायला आक्का. चित्रं अजून दिसायची, पण पहिल्यासारखी रोज नाही. दिसली की मी आक्कांना मोठ्यानं सांगायची, "दिसलं." त्या गहू निवडता निवडता म्हणायच्या, "दिसू दे. धर नीट."

परभणीला तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आता थोडा थोडा वेळ एकटं राहून बघायला हरकत नाही. परत आल्यावर दोन-तीन दिवस गेले. मग एका दुपारी आक्का पिशवी हातात घेऊन उभ्या राहिल्या. "मी भाजी घेऊन येते."

घरात भाजी होती. सकाळीच टोपली भरून आणलेली.

"आक्का, मला भीती वाटायलीय."

"मलाबी वाटायली," त्या म्हणाल्या. चप्पल घातली आणि दार ओढून घेतलं.

घर एकदम शांत झालं. आरोही झोळीत झोपली होती. मी तिच्याकडं बघत उभी राहिले आणि मनात म्हणाले, झोप बाई, आक्का येईपर्यंत झोप. ती कसली झोपतेय! जरा वेळानं कुरकुरली आणि मग जोरात रडायला लागली. फोन समोर होता. आक्का कोपऱ्यावरच उभ्या असतील हेही मला माहीत होतं. एक हाक मारली असती की त्या धावत आल्या असत्या.

मी तिला उचलली. उचलली आणि लगेच खाली फरशीवर बसले, भिंतीला पाठ लावून, म्हणजे सुटली तरी माझ्याच मांडीवर पडेल. ती रडत होती, पाय झाडत होती. तिला कसं गप्प करायचं ते मला सुचेना. म्हणून मी तिच्याशी बोलायला लागले. म्हणाले, "आगं, मी तुझी आई. आजारी होते. मला उशीर झाला, पण मी आलेय. तू हवं तेवढं रड, मी कुठं जात नाही." तिला काय कळणार? पण ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली. रडणं थांबवून बघायला लागली. मग तिनं माझं मंगळसूत्र मुठीत धरलं आणि ते धरूनच तिचे डोळे मिटले. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या कपाळावर पडत होतं आणि मी ते पुसत होते. हात कापत नव्हते.

आक्का आल्या. पिशवी रिकामीच होती. आम्हाला खाली बसलेलं बघून दारातच थबकल्या. मग जवळ येऊन दोन्ही हात पुढं केले. "झोपली का? दे, झोळीत टाकते."

"राहू द्या आक्का," मी म्हणाले. "माझ्याकडंच राहू द्या."

त्यांनी आरोहीच्या मुठीतलं मंगळसूत्र बघितलं. मग हात मागं घेतले, पदर खोचला आणि चहा टाकायला आत गेल्या.